भिवाआबांचा धक्का

जुव्यावरचे आम्ही तिघे-चौघे मालवणच्या बाजारात भेटलो की चहा थंड होतो, कारण भिवाआबांचा विषय निघतो. एक किस्सा संपतो न संपतो, तोच दुसऱ्याला दोन आठवलेले असतात. जुवा म्हणजे खाडीतलं आमचं बेट. ग्रामपंचायती नव्या होत्या तेव्हा आबा तिथले पहिले सरपंच झाले. सहीच्या जागी अंगठा, पण दरारा असा की गावचं भांडण कोर्टात जायचंच नाही. मी त्यांचा कारकून होतो, आणि हे मी आजही छाती फुगवून सांगतो!

*

आबांचा ध्यास एकच, धक्का. ओहोटी लागली की होडी लांबच अडायची आणि आजारी माणसालाही गुडघाभर चिखलातून न्यावं लागायचं. आबा तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेब म्हणाले, रस्ता नसलेल्या गावाला धक्का देता येत नाही. तोवर शुद्ध मराठीत बोलणारे आबा मालवणीवर आले.

"साहेब, रस्तो आसतो तर धक्को कित्याक मागलो आसतो?"

*

शेवटी एक साहेब पाहणीला आले. पाहुण्याचे पाय चिखलानं भरू द्यायचे नाहीत ही आमची रीत, म्हणून आबांनी त्यांना ऐन भरतीला आणलं. होडी थेट काठाला! साहेब कोरड्या बुटांनी उतरले, शहाळं प्याले आणि शेरा लिहून गेले, धक्क्याची गरज नाही.

आमच्या अगत्यानंच आमचा घात केला. पुढच्या साहेबांना ओहोटीला आणा, असं सगळ्यांनी सुचवलं. आबा भडकले.

"पावण्याक चिखलात उतरवचा नाय."

*

पुढचे साहेबही भरतीलाच आले. मात्र आबांनी त्यांना जेवायला बसवलं. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी आणि वर माडाखाली वामकुक्षी. साहेब उठले तेव्हा खाडी ओसरलेली!

आबांनी वाकून त्यांना पाठीवर घेतलं. बूट माझ्या हातात. अर्ध्या वाटेवर साहेबांनी विचारलं, आजारी माणसाला कसं नेता?

"सुनेक बाळंतपणाक ह्याच चिखलातसून झोळयेत घालून नेली," आबा म्हणाले. "सून वाचली. नातू वाचलो नाय."

होडीत बसल्या बसल्या साहेबांनी शेरा लिहिला, धक्का हवाच. पुढच्या वर्षी धक्का बांधून झाला, पार खोल पाण्यापर्यंत.

*

उद्घाटनाला आबांनी भरतीचीच वेळ कळवली होती. तेच साहेब मुद्दाम ओहोटीला निघाले. मी त्यांना आणायला गेलो होतो. त्यांनी होडी धक्क्याला लावूच दिली नाही. बूट काढून माझ्याकडे दिले, पँट वर दुमडली आणि चिखलात उतरले.

आबा नव्या कोटात धक्क्यावर उभे. क्षणभर बघत राहिले. मग वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि पायऱ्या उतरून साहेबांच्या बाजूनं चालू लागले.

फीत दोघांनी मिळून कापली, गुडघ्यापर्यंत भरलेल्या पायांनी. एका हातात साहेबांचे बूट आणि दुसऱ्या हातात आबांच्या वहाणा धरून मी शेजारी उभा होतो.