आमदारकाकांचा जबाब

आमदारकाका कुणाच्याही दारात पहिल्यांदा आले की हात जोडून म्हणायचे, "न विचारता उतरलो, माफी असावी." परदेशातल्या या शहरात, यिशुन भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये माझ्या बरोबर वरचा फ्लॅट त्यांच्या मुलीचा, मेधाताईंचा. काकू गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले आणि तिसऱ्याच दिवशी बेल वाजवून माझ्यापुढे असे उभे राहिले. पुढारी दारात आला तर पाणी द्यावं, आश्वासन घेऊ नये, अशी माझ्या वडिलांची शिकवण. मी पाणी दिलं. निवडणूक नसताना राजकारणी माणूस माफी मागतो, हे मला काही केल्या पचेना.

खुलासा हळूहळू होत गेला. काका तीन वेळा आमदार झालेले, आणि त्याच काळात रीतसर परवाना काढून गरम हवेचं बलून उडवणारे. बलून कुठे उतरेल हे वाऱ्याच्या मर्जीवर, त्यामुळे ते नेहमी कुणाच्या तरी शेतात उतरायचं. टोपलीतून पाय बाहेर टाकला की आधी मालकाची माफी मागायची आणि पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात ठेवायचा, ही त्यांची रीत होती. ती जिभेवर इतकी बसली होती, की खालच्या कॉफीच्या स्टॉलवरच्या चिनी आंटीलाही पहिल्या दिवशी त्यांनी तेच इंग्रजीतून ऐकवलं. ती "ओके लाह, अंकल" म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

सकाळी मी एमआरटीची गाडी गाठायला निघालो की काका खाली बाकावर मान वर करून बसलेले असायचे. खिडक्यांबाहेर बांबूंवर वाळणारे लोकांचे कपडे ते बघत. चौथ्या मजल्यावरचे टॉवेल एकीकडे हलत, अकराव्यावरच्या चादरी भलतीकडे. "वर जाणं आणि खाली येणं, एवढंच आपल्या हातात असतं," ते सांगत, "जायचंय त्या दिशेचा वारा कुठल्या उंचीवर आहे ते शोधायचं आणि तिथं टिकून राहायचं." या शहरात बलून उडवू देणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी रोज मनातल्या मनात एक फेरी व्हायचीच. आज वुडलँड्सला उतरलो असतो, आज थेट समुद्रात, असा अहवाल मला मिळायचा.

बलूननं त्यांना मतदारसंघ दाखवला, हे ते स्वतःच कबूल करत. एकदा ते ओढ्यापलीकडच्या वस्तीत उतरले आणि तेवढ्यात ओढ्याला पाणी आलं. तिथल्या एका म्हातारीनं पेढा खाल्ला आणि शांतपणे म्हणाली, आमदार ना तुम्ही, मग आता परत जाऊन दाखवा. पाणी ओसरेपर्यंत आमदार तिच्या ओट्यावर बसून राहिले. पुढच्या वर्षी तिथं पूल झाला. हे सांगताना ते हसायचे आणि मलाही हसू यायचं, कारण एव्हाना मी त्यांच्या प्रेमातच पडलो होतो.

एका रविवारी मी त्यांना सहज कारखान्यातली गोष्ट सांगितली. वुडलँड्सच्या आमच्या प्लँटमध्ये एक मशीन बिघडलं होतं. रोज सीमेपलीकडच्या जोहोरहून ये-जा करणारा अझीझ त्यावर काम करायचा, वयानं माझ्यापेक्षा मोठा. आवाज वेगळा येतोय, बंद करू या, असं तो म्हणाला होता. चालू ठेव, हे मी सांगितलं होतं. आता अहवालात 'ऑपरेटरची चूक' लिहिलं की विषय संपला, असं मी म्हणालो. सगळीकडे असंच चालतं.

 यावर काकांनी मला बाबूबद्दल सांगितलं. बाबू त्यांच्या बलूनची जमिनीवरची सगळी तयारी बघायचा. तिसऱ्या निवडणुकीतली शेवटची सभा होती, बलून दोरांनी बांधून नुसतं वर चढवायचं होतं. वारा वाढला होता. बाबू म्हणाला, साहेब, आज नको. पण माणसं जमली होती, काकांनी ऐकलं नाही. झोत आला, टोपली फरफटली आणि बाबूच्या पायावर आदळली. पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

"माझ्या कपाळाला चार टाके," काका म्हणाले. "फोटो माझाच छापून आला, सहानुभूतीनं निवडूनही आलो. आणि चौकशीत मी जबाब लिहून दिला, की बाबूनं दोर वेळेआधी सोडला."

बाबूनं दोर सोडलाच नव्हता, म्हणून तर तो टोपलीखाली आला. काकांनी त्याच्या मुलाला नोकरी लावून दिली, पण स्वतः त्याच्या घरी कधी गेले नाहीत. गावात मात्र बाबूचा हलगर्जीपणा कायमचा ठरून गेला. आयुष्यभर परक्यांची माफी मागत फिरलेल्या या माणसाचा मला त्या क्षणी राग आला, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

पंधरवड्यात त्यांनी गावी जायचं तिकीट काढलं. बायपास होऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे मेधाताई माझ्यावर चिडल्या. तुम्हीच बाबांच्या डोक्यात काहीतरी भरवलंत, म्हणाल्या. मी वाद घातला नाही. त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी अहवालात मी अझीझच्या जागी माझं नाव लिहिलं. वरिष्ठांनी त्याची किंमत वसूल केली, ती मी दिली.

काका परत आले नाहीत, गावीच राहिले. मेधाताईंनी परवा मला फोनवर ग्रामसभेचं चित्रीकरण दाखवलं. काका उभे, हातात कागद. दोष माझा होता, बाबूनं दोर शेवटपर्यंत धरून ठेवला होता, खोटा जबाब मी दिला, असं सगळं त्यांनी वाचलं. आवाज अगदी हळू होता. वाचून झाल्यावर पहिल्या रांगेत कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वळवून एकदा मागच्या माणसांकडे पाहिलं.

"साहेब," बाबू म्हणाला, "पुन्हा वाचा. मागं ऐकू गेलं नाही."

काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.