बाप असताना उतरवलेले केस

कुणी फुकट कुणाचं भलं करायला निघालं की मी आधी त्याच्या हातांकडे बघते. याची मला लाज वाटत नाही. उभी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून काढली. अंगात ताप आहे म्हणून ज्याला सीट रिकामी करून दिली, तोच पुढच्या स्टॉपवर टुणकन उडी मारून उतरलेला मी पाहिलाय. त्यामुळे भाचा मोबाईल घेऊन नाचत आला आणि म्हणाला, "आत्या, मी टक्कल चॅलेंज घेतलंय," तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "पैसे कोण खातंय?"

तेव्हा मी दादाच्या आजारपणासाठी नाशिकरोडला त्याच्या घरी राहायला आले होते. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेला. पोटाचा कॅन्सर. केमोने डोक्यावरचे केस गेले, भुवयासुद्धा गेल्या. शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी वहिनीला, भाच्याला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की आता औषधाचा उपयोग नाही, काही महिने आहेत. तिथेच व्हरांड्यात आम्ही ठरवून टाकलं, दादाला कळू द्यायचं नाही. त्याला सांगितलं, डॉक्टर खूश आहेत, अंगाला विश्रांती मिळावी म्हणून केमो थांबवलीय. त्याने विश्वास ठेवला. दोन घास जेवायला लागला, शेजाऱ्यांशी क्रिकेटवरून भांडायला लागला. ते सगळं आमच्या त्या एका थापेवर चाललं होतं, आणि ती थाप टिकवण्यासाठी मी वाट्टेल ते केलं असतं.

चॅलेंज असं होतं. तरुण पोरापोरींचा एक ग्रुप होता. आपण डोकं भादरून घ्यायचं, व्हिडिओ टाकायचा, आणखी तिघांना डिवचायचं आणि पैसे द्यायचे. ते पैसे बाहेरगावहून उपचाराला आलेल्या कॅन्सरच्या पेशंटांच्या नातेवाईकांच्या राहण्याजेवणाला जाणार. मी म्हटलं, "पैसे द्यायचे तर द्या की गुपचूप, त्यात न्हाव्याचं काय काम?" भाचा म्हणाला, "गुपचूप दिलं तर कोण बघणार, आत्या?" बघा म्हणजे! सातपूरच्या कंपनीत चांगला नोकरीला असलेला शहाणा मुलगा, पण मोबाईल हातात आला की डोकं कुठे गहाण टाकतात कुणास ठाऊक.

मी गप्प बसणारी नाही. जिथे पैसे जातात म्हणत होते तिथे मी स्वतः रिक्षा करून गेले. वाटलं होतं, कुलूप असेल, नाहीतर कुणाचं तरी फर्निचरचं दुकान असेल. तर तिथे पेठ-सुरगाण्याकडची माणसं ओळीने जेवायला बसलेली. वरण-भात गरम, चादरी नव्या कोऱ्या. एक बाई म्हणाली, आधी आम्ही दवाखान्याच्या पायरीवर झोपायचो. पैसा चोख होता. परत येताना मात्र माझी चिडचिडच जास्त झाली, कारण काहीतरी खटकत होतं आणि काय ते सापडत नव्हतं.

त्या रविवारी भाचा सकाळीच गायब झाला आणि दुपारी गुळगुळीत डोक्याने दारात उभा राहिला. पंचवटीत घाटावर बसून केस उतरवून आला होता, ग्रुपवाले शूटिंगला बरोबर. म्हणे तिथे उजेड छान येतो. उजेड! अरे, त्या घाटावर लोक कशासाठी केस उतरवतात हे नाशिकच्या माणसाला सांगायला हवं का? न्हाव्यानेसुद्धा वस्तरा पाजळता पाजळता विचारलं होतं म्हणे, "कोण गेलं?"

वहिनीने कपाळाला हात लावला. "बाप घरात बसलाय आणि तू केस उतरवून आलास? अरे, बाप असताना मुलाने मिशीलासुद्धा वस्तरा लावू नये रे." तो म्हणाला, "आई, आता कोण मानतं असलं?" दादा मात्र त्याच्याकडे बघून खो-खो हसला. म्हणाला, "घरात आरसा आणलास होय रे माझ्यासाठी?" तो हसला म्हणून विषय तिथेच मिटला. मीसुद्धा तोंड आवरलं.

दोन दिवसांनी सकाळी दारात गाडी थांबली. दिंडोरीहून वहिनीचे भाऊ-भावजय आणि चुलतघरची तीन-चार माणसं उतरली. भावजयीने फाटकापासूनच गळा काढला. "आवं माझ्या दाजीबाऽऽ!" आणि दाजीबा व्हरांड्यात खुर्चीवर बसून पेज पीत होते. बाई जागच्या जागी थिजली. "आवो, तुमी हायेत की!" दादा म्हणाला, "आहे ना. बसा, चहा घ्या. एवढ्या लांबून रडायला आलात, दमला असाल." हसावं की रडावं कळेना. वहिनी तर आत जाऊन देवापाशी बसली.

झालं होतं ते असं. घाटावर हात जोडून बसलेला टकला मुलगा आणि शेजारी नाकात नळी घातलेल्या दादाचा फोटो, असा तो व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर फिरत दिंडोरीला पोचला होता. आपल्याकडची माणसं त्याचा दुसरा काय अर्थ लावणार? आणि हे काही दिंडोरीपुरतं नव्हतं. मी भाच्याचा मोबाईल हिसकावून घेतला. व्हिडिओखाली नुसता पाऊस. भावपूर्ण श्रद्धांजली. देव तुम्हाला बळ देवो. जोडलेले हात, मेणबत्त्या. माझा भाऊ आत द्राक्षं धुऊन द्या म्हणून हाका मारतोय, आणि इथे लोकांनी त्याला पोचवून टाकलेला! आणि वर ग्रुपवाल्यांनी ठळक अक्षरांत लिहिलेलं: "आयुष्याची शेवटची लढाई लढणाऱ्या बाबांसाठी." शेवटची! जो शब्द आम्ही तिघं घरात उच्चारत नव्हतो, तो यांनी गावभर लावला होता.

माझं पित्त खवळलं. ग्रुपच्या मुलीला फोन लावला. आवाज गोड, अगदी मनापासून बोलणारी पोर. म्हणाली, "ताई, चूक लोकांची झालीय, आपण तर कुठे काकांना गेले असं म्हटलं नाही. आत्ता खुलासा टाकला तर लोकांना फसवल्यासारखं वाटेल. आणि याच व्हिडिओवर सगळ्यात जास्त मदत येतेय. दोन-चार दिवस राहू द्या ना, प्लीज." मी म्हटलं, "तुझ्या बापाचा फोटो लाव की मग दोन-चार दिवस!" ती रडायला लागली. मी फोन आपटला. तिची कीव आली नाही असं नाही, पण रागच जास्त होता.

मग भाच्याला धरलं. "तुला माहीत होतं?" मान खाली. काल संध्याकाळपासून माहीत होतं. "मग लिहिलं का नाहीस, बाबा आहेत म्हणून? की तुलाही लोकांची वाहवा गोड लागली?" तो एकदम हुंदके द्यायला लागला. "लिहायला बसलो होतो, आत्या. बाबा आहेत, असं टाईप केलं. मग वाटलं, आता लिहू आणि थोड्या दिवसांनी पुन्हा काय लिहू? हात चालेना." माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या, त्या तिथेच राहिल्या. इतका वेळ मी या पोराच्या खिशावर नजर ठेवून होते. त्याच्या पोटात काय चाललंय ते विचारलंच नव्हतं.

"काय खुसुरफुसुर चाललीय?" दादा दारात उभा. भिंतीला धरून चालत आला होता. "माझ्या मरणाची बातमी मला तरी दाखवा." हात पुढे केला. नाही म्हणायची सोय नव्हती.

पलंगावर बसून चष्मा लावला आणि वाचायला लागला. श्रद्धांजल्या वाचताना मजेत होता. "हा बघ, कँटीनमध्ये माझ्याशी दहा वर्षं बोलला नाही, आता लिहितोय देवमाणूस होता." मग बोट वर सरकलं. ठळक अक्षरांपाशी थांबलं. ओठ हलले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. चष्म्यावरून त्याने वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी एवढी तोंडाळ, चालत्या गाडीत गाडीभर माणसांना गप्प करणारी. त्या वेळी एक खोटं बोलायचं होतं, अहो, ते लोक काहीही लिहितात, एवढंच. मला ते जमलं नाही. वहिनी पदराचं टोक पिळत राहिली.

दादाने मोबाईल उलटा करून गादीवर ठेवला. भाच्याला जवळ बसवलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. नुकते खुंट यायला लागले होते.

"किती दिवस लागतात रे पुरते वाढायला?"

"दोन-तीन महिने, बाबा."

"बरं," दादा म्हणाला. "म्हणजे तेवढं तरी मला थांबायला हवं."