कनावीच्या दुखवट्याची कॉफी

आमच्या रतीबावहिनीच्या तोंडी लागायची गावात कुणाची टाप नव्हती. मी तिची सख्खी नणंद, भिंतीला भिंत लागून राहणारी, पण मीसुद्धा तिला दोन शिव्या घालून चार ऐकून घ्यायची. कालव्याच्या काठी भाजी विकणारी विधवा बाई, अंगानं काटकुळी. एकदा भावावरून घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाच्या टाळक्यात तिनं मुळ्याची जुडी अशी हाणली की तो पुन्हा कधी फिरकला नाही.

तिचा थोरला कनावी पाण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणात गेला. हाजी दरदीरच्या पोरानं, अवदनं, त्याला भर दुपारी कालव्यावर गोळी घातली. साक्षीला कुणी उभं राहिलं नाही, अवद सुटला. लोक सांत्वनाला आले तर वहिनीनं त्यांच्यावर जोडा भिरकावला. "चालते व्हा! माझ्या पोराच्या रक्ताला रक्त मिळालं नाही अजून, दुखवटा कसला करता?"

आमच्याकडे असंच आहे. सूड घेतल्याशिवाय घरात रडायचं नाही, बिनसाखरेची कॉफी ठेवायची नाही, आणि 'त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो' हे शब्द तर कुणी उच्चारायचेच नाहीत. ते शब्द घेतले आणि ती कॉफी पाजली की वैर संपलं, मग बंदूक उचलायची नाही. वहिनीनं दुखवट्याचे पांढरे कप पेटीत घातले, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. तीन वर्षं ती किल्ली तिच्या छातीवर आपटत होती.

सगळं आलं धाकट्या रिफाईवर. पोरगं साधं, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचं, हात कायम वंगणात. आई त्याला जेवूसुद्धा सुखानं देत नव्हती. ताट वाढलं की सुरू. "जेव, जेव. भाऊ मातीत, आणि हा चघळतोय. बांगड्या आणू का रे तुला?" मी एकदा म्हटलं, "वहिनी, एक गेला, दुसऱ्यालाही घालवतेस का?" तर चुलीतलं जळतं लाकूड घेऊन माझ्या अंगावर आली.

शेवटी रिफाईनं बापाची रायफल काढली. अवद रोज सकाळी सायकलवरून कालव्याच्या रस्त्यानं शेतावर जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दरदीरच्या घराचं पागोटंही लांबून ओळखू येतं. शेमला डाव्या खांद्यावरून थेट कमरेपर्यंत सोडायचा, ही त्यांची ऐट. गावात दुसरं कुणी तसं बांधत नाही, बांधायची छातीच नाही.

त्या दिवशी सकाळीच ऊन मरणाचं होतं. आम्ही दोघी अंगणात भेंडी निवडत होतो. कालव्याकडून गोळीचा आवाज आला. वहिनीच्या हातातली सुरी थांबली. थोड्या वेळानं रिफाई मागच्या दारानं धावत आला, पांढराफटक पडलेला, रायफल हातात.

"आई, पाडला. सायकलवरून पाडला त्याला."

"बघितलंस जवळून?"

"पंपाच्या खोलीमागून मारली. पडला तो. उठला नाही."

वहिनीनं तोंडावर हात नेऊन असा लांब आनंदाचा हाकारा घातला की शेजारची कबुतरं उडाली. मग गळ्यातली किल्ली ओढली, दोरा तुटला, मानेवर वळ उठला. "फहीमा, कॉफी ठेव. साखर घालू नकोस. आज माझ्या कनावीचा दुखवटा." मी चूल पेटवली. ती जमिनीवर बसली, डोक्यात माती घातली, दोन्ही गालांवर फडाफडा मारून घेतलं. गाल लाल झाले, डोळे कोरडेच.

"फहीमा, मला रडू का येत नाही गं?"

 मी कॉफी कपात ओतली, तेवढ्यात दार धडधडलं. पोलीस असणार म्हणून रिफाई रायफल घेऊन आतल्या खोलीत गेला. मी दार उघडलं आणि किंचाळलेच. दारात दरदीरचं पागोटं! डावीकडे लांब शेमला, तो रक्तानं भिजलेला. पण खाली तोंड भलत्याच माणसाचं. पन्नाशीचा, दाढीवाला, उन्हानं रापलेला, दंडातून रक्त गळतंय, पायात अर्धी चड्डी आणि बूट.

"ताई, पाणी देता?" असं म्हणून तो उंबऱ्यातच बसला.

वहिनी उठली. चिडली तर माणूस फाडून खाईल अशी बाई, पण दारात आलेल्या तहानेल्याला हाकलायचं तिच्या रक्तात नाही. तिनं मडकं त्याच्या तोंडाला लावलं, स्वतःची ओढणी टरकन फाडून त्याचा दंड आवळला. गोळी मांसातून आरपार गेली होती, हाड वाचलं होतं.

"कोण रे तू? कुठला?"

"मुनजी. ट्युनिशियाचा. पाव भाजतो मी. सायकलवरून हजला निघालोय, पुढं बंदरावर जहाज धरायचं." दात आवळत, कण्हत तो बोलत होता. "काय माणसं आहेत तुमच्याकडची! एका ट्रकवाल्यानं मला थांबवून खजूर दिले. चहावाला पैसे घेईना. आणि ते हाजी दरदीर, त्यांनी तर सकाळी घरात नेऊन घेवडा-भाकरी खाऊ घातली. डोकं उघडं बघून स्वतःच्या हातानं हे पागोटं बांधलं. म्हणाले, आमच्या ह्या कना भागातल्या उन्हानं मरशील."

"आणि आम्ही गोळी घातली," माझ्या तोंडून निसटलं.

त्यानं मान वर केली. मातीनं माखलेलं वहिनीचं डोकं, सुजलेले गाल, पांढरे कप, भिंतीवरचा कनावीचा फोटो, सगळं बघितलं. मी काय बोलले ते बहुधा त्याच्या कानात शिरलंच नाही. बिचाऱ्याला वाटलं, आपण दुखवट्याच्या घरात शिरलोय. तो धडपडत उभा राहिला, धड असलेला हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, "माफ करा, बाई. मला ठाऊक नव्हतं. त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो."

 तीन वर्षांत हे शब्द ह्या घरात कुणी उच्चारले नव्हते. आणि उच्चारले कुणी, तर आमचीच गोळी खाल्लेल्या माणसानं!  वहिनीनं एक कप उचलून त्याच्या हातात दिला. तो कॉफी प्यायला.

आतून रिफाई बाहेर आला. मुनजीला बघून त्याचा चेहरा उतरला. "हा... हा अवद नाही."

"डोळे फुटले होते का तुझे?" मी ओरडले. "सायकलींचं दुकान चालवतोस, गाढवा, आणि सायकल ओळखली नाहीस!"

"सायकल बघितलीच नाही, आत्या. शेमला दिसला, बस्स."  तो एकदम भडकला. "अवद जिवंत आहे! सोड, आई, आत्ताच जातो. आज त्याचा मुडदाच पाडतो."

वहिनी दारात आडवी झाली. "कुठंही जायचं नाही. दुखवटा बसलाय."

"तो खोटा होता! खोट्या खुनावर बसलेला!"

"शब्द घेतले मी. कॉफी पाजली. ह्याच्या पोटात गेलेली कॉफी आता बाहेर काढू का?"

"तूच मला तीन वर्षं कुरतडलंस! रात्रंदिवस! आणि आता..." त्यानं तिला ढकललं. तिनं त्याच्या थोबाडीत अशी लगावली की तो भिंतीवर आदळला. ओठ फाटला. 

तेवढ्यात बाहेर गलका झाला. हाजी दरदीर, मागं अवद, मागं घरचे पाचसहा बाप्ये, सगळ्यांच्या हातात बंदुका. रस्त्यावर वाकडी झालेली सायकल पाहून रक्ताचे थेंब हुडकत ते थेट आमच्या दारात आले होते.

"रिफाई!" हाजी गरजला. "बाहेर ये! माझ्या घरचं मीठ खाल्लेल्या पाहुण्यावर गोळी? हजला निघालेल्या माणसावर? तुझं घर पेटवतो मी!"

रिफाईनं रायफल खांद्याला लावली. अवदनंही लावली. मध्ये दहा पावलं अंतर. मी भिंतीला चिकटून कलमा म्हणायला लागले. मुनजी उठायला बघत होता, "हाजी, नको," एवढंच त्याला जमलं.

वहिनी दोघांच्या मध्ये गेली. हातात तबक, तबकात एक कप.

"ओरडू नकोस, दरदीर. पाहुणा आत आहे, जिवंत आहे. माझ्या पोरानं मारली गोळी. तुझा अवद समजून मारली. तू बांधलेल्या पागोट्यावर मारली." तिचा आवाज फाटला होता. "तुझ्या पोरानं माझं पोर मारलं, आणि तू एकदाही माझ्या दारात आला नाहीस. मी येऊ दिलं नसतं, हे खरं. आज दार उघडं आहे. तुझ्या पाहुण्यानं माझा दुखवटा घेतलाय. तुला घ्यायचा असेल तर हा कप. नसेल घ्यायचा तर पहिली गोळी मला घाल, मग पोराला."

हाजीनं अवदकडे बघितलं. मागनं कुणीतरी म्हणालं, "काका, पिऊ नका. पिणं म्हणजे गुन्हा कबूल." हाजीनं वळून त्याला सणसणीत शिवी हासडली. बंदूक अवदच्या हातात दिली. मग डोक्यावरचं पागोटं उतरवून खांद्यावर टाकलं. पांढऱ्या केसांचं उघडं डोकं मी त्याचं पहिल्यांदाच बघितलं. त्यानं कप उचलला आणि एका घोटात कॉफी संपवली.

"कनावीचं उरलेलं आयुष्य तुला लाभो, रतीबा. माझ्या पोरानंच मारला त्याला."

वहिनी खाली कोसळली. आणि मग जे रडू फुटलं! "माझा कनू, माझा कनू," म्हणून ती जमिनीवर डोकं आपटत होती. मी तिला धरलं, मीही रडत होते.

हाजी रिकामा कप हातात धरून उभाच. दुखवट्यात कप परत घ्यायचा तो घरच्या मुलानं. दुसऱ्या कुणी घेऊन चालत नाही. तो हात पुढं करून थांबला. रिफाईची रायफल अजून खांद्याला.

"मी तुझ्या पोराला मारणार होतो, थेरड्या," रिफाई म्हणाला. फाटलेल्या ओठावरून रक्त आणि डोळ्यांतून पाणी एकदमच ओघळत होतं. "आजच मारणार होतो."

"ठाऊक आहे," हाजी म्हणाला. "कप घे, पोरा."

कप घ्यायला त्याला रायफल खाली ठेवावी लागली. त्यानं ती ठेवली आणि वंगणानं काळे झालेले दोन्ही हात पुढं केले.