हमीदाचाचीच्या परसातल्या कोंबड्या

कासू स्टेशनात गाडी जेमतेम थांबायची. बाने तेवढ्यात दोन बोचकी, एक ट्रंक आणि तोंडाला गोणपाट शिवलेली टोपली डब्यात चढवली आणि तो खाली उतरून उभा राहिला. टोपलीत तांबडी कोंबडी होती. आय स्टेशनात आलीच नाही. घरीच म्हणाली होती, "सहा म्हैन्यांसाठी कोण रडतं गो? बांध झाला का या माघारी." गाडी हलली तेव्हा बाने हात वर केला नाही, नुसता बघत राहिला. माझ्या मांडीवर दोन वर्षांची कल्पना, शेजारी माझे मालक, आणि पायाशी ती टोपली. नागोठणं येईपर्यंत कोंबडीने चोच मारून गोणपाटाला भोक पाडलं आणि रोह्यापर्यंत एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली.

आमचं गाव खाडीकाठचं. समुद्राचं पाणी अडवायला बांध आणि बांधाच्या आत भाताची शेतं. त्या वर्षी उधाणात बांध फुटला आणि पाणी पार अंगणाच्या पायरीपर्यंत आलं. ते ओसरलं तेव्हा शेतात मीठ राहिलं. खाऱ्या जमिनीत भात उगवतं पण भरत नाही. मी बाची एकुलती एक. ह्यांना घरजावई म्हणूनच आणलेलं, त्यामुळे शेती गेली म्हणजे आमच्या दोघांचीही गेली. ह्यांना रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत काम मिळालं आणि आम्ही निघालो.

गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही तेव्हा म्हणालात, सुटलीस बाय. चिखल सुटला, भाताची आवणी सुटली. आज सांगते, मी आयुष्यात इतकी कधी अडकले नव्हते.

रोह्यात दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, पुढे दोन पावलांची गॅलरी. ह्यांच्या तीन शिफ्टा. रातपाळी असली की हे दिवसभर झोपायचे आणि त्या एका खोलीत मी आणि कल्पना मुक्यासारख्या बसून राहायचो. भांडं वाजायचं नाही. स्टोव्ह पेटवायचा नाही, त्याचा आवाज होतो. कल्पना हसली तरी मी तिच्या तोंडावर हात ठेवायचे. कोंबडी गॅलरीत, पायाला सुतळी, सुतळीचं दुसरं टोक गजाला. तिने अंडं घातलं की ती ओरडणारच, सगळ्या जगाला सांगणारच. मी धावत जाऊन तिला पोटाशी धरायचे, पदराखाली झाकायचे. महिन्याभरात तिने अंडी घालायचं थांबवलं. मला वाटलं, शहाणी झाली.

गावी आम्ही दुकानातून आणायचो काय, तर चहा, साखर, रॉकेल. भाजी दारातली, अंडी खुराड्यातली, मासे खाडीतले. इथे मी पहिल्यांदा बाजारात अंडी घ्यायला उभी राहिले तेव्हा इकडेतिकडे बघितलं, ओळखीचं कोणी नाही ना. मेथीची जुडी, चार मिरच्या, कढीपत्त्याची काडी, सगळं पिशवीत घालून आणायचं. आणि सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. बांधाचं काम चालू आहे, एवढंच गावाकडून कळायचं.

पण येऊन तिसऱ्याच महिन्यात एके दुपारी सुतळी तुटली होती. कोंबडी गजावरून उडाली ती थेट मागच्या घराच्या परसात. ते घर मी जिन्याच्या खिडकीतून रोज बघायचे. मोठं, रंगवलेलं, प्रत्येक खिडकीला ग्रील, दाराला आणखी एक जाळीचं दार. मी खाली धावत गेले आणि फाटकाशी उभी राहिले. आतून एक म्हातारी बाई आली, डोक्यावर पांढरी ओढणी. फाटक न उघडताच म्हणाली, "तुझीच काय गो ही? माझ्या जळवाच्या लाकडांत अंडं घालून बसलीय."

अंडं? दोन महिने झाले होते. मला एकदम रडू आलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग कमरेची किल्ली काढून तिने फाटकाचं कुलूप उघडलं.

हमीदाचाचीची आणि माझी ओळख अशी झाली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन मुलगे कुवेतला, युसुफ थोरला. दोघं आईवर जीव टाकणारे. एकदा चाची बाजारात पडली, तेव्हापासून त्यांनी तिचं बाहेर जाणं बंद केलं. सामान दुकानवाला आणून द्यायचा, कामाला बाई यायची, शुक्रवारी मुलांचे फोन. "सगळा हाय माझ्याकडं," चाची म्हणायची, "फक्त कुठं जायचा नाय." त्यांनी पुढचं अंगण फरशीने बंद करून टाकलं होतं. मागे मात्र पंधरा-वीस खाटा मावतील एवढी माती उघडी राहिली होती.

ती म्हणाली, "कोंबडी राहूदे हितंच. तू येत जा."

मग मी रोज जायला लागले. आधी कोंबडीच्या निमित्ताने, पुढे निमित्तही लागेना. गावी गेले की आयकडून बी आणायचे, एकदा कोंबडाही आणला. आम्ही माती खणली, आत फरशीचे तुकडे निघाले, ते वेचले, शेणखत घातलं. पडवळाला मांडव घातला, कुंपणावर तोंडली सोडली, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ. भेंडी, मिरची, लाल माठ. चाचीला खाली बसता यायचं नाही, ती खुर्चीवर बसून काठीने दाखवायची, "हितं आळा कर, हितं नको." भाजीवर राख टाकायला तिने शिकवलं. खुडूक कोंबडी अंड्यांवर कशी बसवायची ते मी तिला शिकवलं, टोपलीत भाताच्या पेंढ्याचं पिंजर, वर मोजून अकरा अंडी, आणि तिला आडोसा. आठव्या दिवशी अंडं बॅटरीपुढे धरून आत जीव आहे का बघायचं. पहिल्यांदा आतली लाल शीर दिसली तेव्हा चाचीने माझा हात घट्ट धरला.

मुंगुसाने एकदा सात पिल्लं मारली. आम्ही दोघींनी त्या दिवशी जेवण केलं नाही. पण एकीच्या चौदा कोंबड्या झाल्या आणि एक वेळ अशी आली की माझ्या घरात भाजीची पिशवी कोपऱ्यात पडून राहिली ती महिनाभर कोणी उचललीच नाही. थंडीत आम्ही परसात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मीठ लावलेली कोंबडी, आणि भोवती जाळ. कोंबडी चाचीच्या पद्धतीनेच कापून घेतली होती, म्हणजे एकाच मडक्यातून सगळ्यांना खाता यावं. हे पण आले होते. खाता खाता म्हणाले, "गावची चव हाय." मी मडक्यातली आणखी एक शेंग सोलली. मला ती रोह्याची चव वाटली होती आणि तसं वाटल्याची भीतीही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाचा निरोप आला. बांध होऊन दोन पावसाळे जमीन धुऊन निघाली होती. "औंदा भात होईल. माझ्याच्यानं एकट्यानं होत नाय. आयचे गुडघे गेले. तू ये." एवढंच. सात वर्षं मी ह्याच शब्दांची वाट बघत होते. हे आता कंपनीत कायम झाले होते, ते म्हणाले, "मला सोडता येणार नाय. तू पोरीला घेऊन जा, आवणीपुरतं. मग बघू." मी ट्रंक खाली काढली.

त्याच आठवड्यात युसुफ आणि त्याचा भाऊ दोन महिन्यांच्या रजेवर आले. चाचीला न्यायला. पनवेलला पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, लिफ्ट होती, खाली डॉक्टर होता. रोह्याचं घर ते विकणार होते. मी परसात दाणे टाकत होते, मला सगळं ऐकू आलं. युसुफ म्हणाला, "अम्मी, तू हितं एकटी पडलीस तर आम्हाला कळणार कधी?" त्याचं चुकत नव्हतं. चाची मुलांना कधी उलट बोलायची नाही. तिची काठी टेकत दारापर्यंत आली. मग म्हणाली, "कोंबडी बसलीय अंड्यांवर. आता हलवली तर सगळी नासतील. एकवीस दिवस थांब."

युसुफ हसला आणि थांबला.

संध्याकाळी चाचीने मला जवळ बोलावलं. "दुसरी खुडूक हाय काय गो?" मी म्हटलं, पांढरी होईल दोन-तीन आठवड्यांत. ती म्हणाली, "मग तू आता जाव नको. मला खाली बसाय येत नाय. माझ्या हातानं अंडी फुटतात." माझा हात तिने सोडलाच नाही.

मी बाला निरोप पाठवला, तीन आठवड्यांनी येते.

पिल्लं निघाली त्याच दिवशी मी पांढरी बसवली. पुन्हा एकवीस दिवस. बाला निरोप, थोडं थांब. पेरणी झाली असेल, आवणीला तरी पोचते. मग तांबडीची एक लेक बसली. हे चिडले. "सख्खा बाप बोलावतोय आणि तू शेजारणीच्या कोंबड्या बसवत्येस?" मी म्हटलं, तिला कोणी नाही. खरं होतं ते, पण सगळं खरं नव्हतं. ट्रंक भरून ठेवलेली असायची आणि मी तिच्याकडे पाठ करून झोपायचे. गावी मी बाची मुलगी होते, आयच्या हाताखालची. मांडव कुठे घालायचा, कुठली कोंबडी ठेवायची आणि कुठली कापायची, हे माझ्या मनासारखं फक्त त्या परसात व्हायचं. चाचीने मला अडवलं म्हणून मी थांबले, असं मी सगळ्यांना सांगत होते. दार मात्र मी स्वतःच ओढून घेतलं होतं.

तिसऱ्या वेळी युसुफ परसात येऊन टोपलीपुढे उकिडवा बसला. कोंबडीने पिसं फुगवली. तो म्हणाला, "अम्मी, ही अजून किती वेळा बसणार?"

चाची खुर्चीतून म्हणाली, "तू जितक्या वेळा न्यायला येशील तितक्या वेळा."

त्याने सांडलेले दाणे कोंबडीपुढे सरकवले. मग उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी त्याने लोखंडी पाइप आणले आणि परसाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवला, स्वतःच्या हातांनी, आईला धरून उतरता यावं म्हणून. रजा संपली, दोघं कुवेतला गेले, घर विकलं नाही. निघताना तो मला म्हणाला, "ताई, तू हायस म्हणून जातो." तो ते चांगुलपणाने म्हणाला. मला मात्र बाहेरून कुलूप लावल्याचा आवाज आला.

तोवर आवणी उरकून गेली होती. बाने लोकं बोलावून निम्मं शेत लावलं, निम्मं पडीक ठेवलं. मी गणपतीला गेले तेव्हा तो माझ्याशी शेताबद्दल एक शब्द बोलला नाही. पुढच्या उन्हाळ्यात कळलं, बाने सगळ्या शेताचं तळं खणलं, खाडीचं पाणी आत घेतलं आणि त्यात जिताडा माशाची पिल्लं सोडली. खारं पाणी उभं राहिलं म्हणजे तिथे भात पुन्हा नाही. मी हातातलं काम टाकून कासूला गेले.

बा तळ्याच्या काठावर बसला होता. मी म्हटलं, "माझ्यामुळं केलास ना हे? मी आले नाय म्हणून?"

"व्हय," तो म्हणाला.

मी रडायला लागले. तो म्हणाला, "आधी आईक. माझ्या बानं मला सांगितलं व्हतं, शेत सोडू नको. म्हणून मी तुला बोलावली. तू आली असतीस तर तुला ठेवावी लागली असती, मग कल्पनाला. कुणीतरी नाय म्हणाया पायजे व्हतं गो. माझ्यात दम नव्हता."

"मग सांगितलं का नाहीस? वर्षभर मी..."

"तू तरी कुठं सांगितलंस, यायचं नाय म्हणून?"

मी त्याच्या शेजारी काठावर बसले. भाताच्या जागी उन्हाने चकचकणारं पाणी होतं. मला हलकं वाटायला हवं होतं, वाटलंही, पण त्याच वेळी कळलं की आता माघारी जायला शेतच उरलं नाही. मी निघताना आयने पिशवीत खाडीतला एक जिताडा घातला. तो घेऊन मी संध्याकाळच्या गाडीने रोह्याला परतले, कारण खुराडं बंद करायला माणूस नव्हतं.

चाची त्यानंतर नऊ वर्षं जगली, त्याच घरात, कठडा धरून रोज परसात उतरत. ती गेल्यावर घर विकलं गेलं आणि परसावर गाड्या लावायची जागा झाली. मुलांची काही चूक नाही, ते तरी कुठे येऊन राहणार होते. बा आणि आयही आता नाहीत. आम्ही रोह्याच्या कडेला तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या, मागे पाऊण गुंठा माती. कोंबड्या आहेत, म्हणून मी आजही कुठे मुक्कामाला जात नाही. कल्पना पुण्याहून रागावते. रागावू दे. तुमच्यापैकी कोणाकोणाला हे ठाऊक असेल, कोणी आपल्याला बांधून ठेवलेलं नसतं, तरी हलता येत नाही, आणि कधी कधी तर हलावंसंही वाटत नाही.

परवा बी आणायला दुकानात गेले होते. नवा पोरगा होता, त्याने वालाची पुडी काढता काढता विचारलं, "मावशी, जमीन कुठली तुमची? खारी का गोडी?"

एवढी वर्षं कुणीही विचारलं की माझ्या तोंडातून खारीच यायचं, खारेपाटातली, कासूजवळची. मी म्हटलं, "गोडी. रोह्याची."

पुडी घेतली, बाहेर आले आणि दुकानाच्या पायरीवर बसले. लोक चढत-उतरत होते, एक बाई म्हणाली, चक्कर आली का आजी. मी नाही म्हटलं आणि सरकून तिला वाट दिली.