भाऊजी हलले नव्हते

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ताईला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही आमच्या नात्यातले नाही म्हणून. आणि आता ती गोष्ट भाऊजींच्या तोंडून ऐकायचा मला भयंकर वीट आलाय म्हणून.

तसं मी कतारला फुटबॉलचा वर्ल्ड कप पाहून आलो हे सगळ्या सडक अर्जुनीला ठाऊक आहे. हायवेवर माझं मोटर पार्ट्सचं दुकान आहे, तिथे गल्ल्यामागे फोटोच टांगलाय — मी, भाऊजी आणि मागे स्टेडियम. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बिरसीला त्यांची धानाची शेती. पायलट शाळेची विमानं दिवसभर त्यांच्या डोक्यावरून घिरट्या घालतात, पण स्वतः विमानात बसले ते त्याच वेळी. धान कापून झालं की मोकळ्या बांधीत अनवाणी फुटबॉल खेळलेला माणूस. वर्ल्ड कपचं वेड त्यांचं. मी त्यांच्या नादानं गेलो. लोक मात्र समजतात, मी त्यांना नेलं. मीही समजू देतो.

आता भाऊजींचं काय सांगू? माणूस लाखात एक, पण त्यांच्यासोबत परदेशात चार दिवस काढून दाखवा! विमानतळावर तपासणीवाल्यानं चिवड्याची पिशवी उघडली, तर यांनी त्यालाच मूठभर देऊ केला. मेट्रोत समोर कोणी बसला की सुरू — "कोठचे बाप्पा तुम्ही?" आणि तो माणूस आपल्या भाषेत उत्तर द्यायचा! मग दोघं हातवारे करून हसत बसायचे. माझं इंग्रजी दर वाक्याला अडखळत होतं, आणि यांचं बिरसीच्या बोलीत सगळं भागत होतं. चीड येईल की नाही? मला येत होती. सकाळी डोळे उघडल्यापासून येत होती.

सामना कुठल्या दोन देशांचा होता ते सांगत नाही. सांगितलं की तुम्ही गोलांची चर्चा सुरू कराल, आणि मला तेवढंच निमित्त पुरेल विषय बदलायला.

दोन्ही तिकिटं माझ्या फोनमध्ये होती. भाऊजींचा फोन तिथे चालतच नव्हता. गेटकडे जाताना गर्दीत कोणी ढोल वाजवत नाचत होते, आणि हे थांबले. मी हाक मारली. "आलो बाबू, आलो." पुन्हा थांबले. उशीर होत होता. मी बडबडत पुढे निघालो, आणि वळून पाहिलं तर मध्ये माणसांची भिंत उभी.

इथे एक सांगायला हवं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. दुकानं, पाळणे, रात्री दंडारीचं नाटक, घरोघर पाहुणे — पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत कोणी चुकलं तर काय करायचं हे आम्हाला बोलता यायच्या आधी शिकवतात. जिथे चुकलात तिथेच उभं राहायचं. हलायचं नाही. सोबतचा माणूस परत येतो.

माणसांच्या फटीतून मला दिसत होतं, भाऊजींनी तोंडाशी हात धरून माझ्या नावानं आरोळी ठोकली — "दिलीपबाबूऽऽ!" शेतात मारतात तशी. आजूबाजूचे वळून पाहायला लागले, कोणी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी हाका थांबवल्या, आणि एका खांबाला पाठ लावून ते उभे राहिले. अगदी निवांत. बाबू येईलच, असे.

म्हणजे ते कुठे आहेत, हे मला दिसत होतं. ते तिथून हलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. आणि मी — मी आत गेलो.

गर्दीनं ढकललं का? नाही. लगेच परत येऊ असं मनात होतं का? तेही नाही. मनात एवढंच होतं की आता थोडा वेळ कोणी मला बाबू म्हणणार नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती. पलीकडच्या माणसानं तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, कोणी आहे का? मी मान हलवली. नाही. त्यानं आपलं सामान तिच्यावर ठेवलं. आणि सामना मी शेवटपर्यंत पाहिला, उभा राहून ओरडलो. मला मजा आली. हे सांगायला नको वाटतं, पण आली.

बाहेर आलो तर ते कठड्यापाशी, खांबापासून जरासे लांब. मला पाहून पळतच आले. "माहीच चूक झाली बाबू. तेथच्या ड्यूटीवरच्या एका पोट्ट्यानं मले खांबापासून हटवलं, म्हणून तुले सापडलो नाही. तुही मॅच बुडाली का रे?"

मी म्हणालो, अर्धी. अर्धी मॅच तुम्हालाच शोधत होतो.

कसं सुचलं? विचारसुद्धा करावा लागला नाही. भाऊजींचे डोळे भरून आले. बाहेरून आवाज मस्त येत होता म्हणे, मले काही वाटलं नाही.

तेव्हापासून लग्न असो की बारसं, ते ही गोष्ट सांगतात. साळ्यानं माझ्यासाठी वर्ल्ड कप सोडला! लोक माझी पाठ थोपटतात, आणि भाऊजींना हसतात. हसून हसून त्यांनी भाऊजींना कुठेही हरवून जाणारा माणूस करून टाकलं. आता ताई त्यांना गोंदियाच्या बाजारालासुद्धा एकटं सोडत नाही. अनोळखी माणसाशी ते आधी बोलत नाहीत, ताईकडे बघतात. माझ्या डोक्यात तिडीक जाते — अहो, बोला ना, विचारा ना कोठचे म्हणून!

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. भाची हैदराबादला असते, तिला मुलगी झाली. नात पाहायला भाऊजींना एकट्यानं रेल्वेनं जायचं होतं, तिकीटही त्यांनी स्वतःच काढलं होतं. ताई म्हणाली, "तूच सांग, जाऊ देऊ का यायले? तू तं तेथं सारं पाह्यलं." दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. जाऊ दे म्हटलं असतं तर ती विचारणार, काऊन? तेथं तं हरवले होते ना? मग मला सगळंच सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, नको पाठवू.

ताईनं फोन तसाच हातात धरून त्यांना सांगितलं. मागून भाऊजींचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला — "बाबू म्हणते तं बरोबरच असन."