निंबाला बांधलेलं गाडगं

वडील गेले त्या दिवशी खोल्यांमध्ये यात्रेकरू होते. सुतकाच्या घरचं जेवायला नको म्हणून ते संध्याकाळी निघून गेले.

तेराव्यानंतर आईने पंचवटीतलं आमचं गेस्ट हाऊस पुन्हा उघडलं. बरेचसे लोक गोदावरीत अस्थी सोडायला येत. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून मुक्कामापुरतं गाडगं दारातल्या कडुनिंबाला बांधायची पद्धत होती. जाताना ज्याचं तो घेऊन जाई.

एका सकाळी तिथे कुणाचंच नाही असं गाडगं दिसलं. ते पाहून उतरलेल्या लोकांनी खोल्या सोडल्या. दुपारी शेजारचे काका आले, वडिलांचे धाकटे भाऊ.

“वहिनी, आता मेलेलेसुद्धा परस्पर मुक्कामाला यायला लागले की,” ते हसत म्हणाले. “विकून टाका हे.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच गाडगं आणि पुन्हा काका. या वेळी आईने त्यांच्यासमोरच फडक्याची गाठ सोडली आणि राखेत बोटं फिरवली. मी दारात उभी होते.

“यात हाड नाही, भावजी. ही बंबातली राख आहे. आपल्या आळीत बंब आता तुमच्याकडेच पेटतो ना?”

काकांनी चहा संपवून कप बशीत ठेवला. “बाईमाणसाने इतकं उकरून बघू नये, वहिनी. घरात वयात आलेली मुलगी आहे.”

आईने विकलं नाही. मला मात्र तिने पुढे कधी एकटीला अंगणात जाऊ दिलं नाही.

आता आई नाही. गेस्ट हाऊस मी चालवते. काका शेजारीच राहतात.