स्वच्छ कचरा

"घाण नको. स्वच्छ कचरा पाहिजे," मुकादम म्हणाला.

मला वाटलं, हा सकाळीच टाकून आलाय. मग त्याने नीट सांगितलं. उद्या सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झाल्यावर आळीतले मोठे लोक स्वतःच्या हाताने रस्ता झाडणार. फोटो निघणार. म्हणून मी पहाटे यायचं. आळी रोजच्यासारखी झाडायची, गटार काढायचं, मेलेली घूस असेल तर उचलायची. आणि सगळं लख्ख झालं की त्यावर सुका, वास न येणारा कचरा आणून पसरायचा. पानं, कागद, असलं काहीतरी. साहेबलोकांच्या हाताला घाण लागता कामा नये.

"आन् मी कुठं उभं ऱ्हायाचं?" मी विचारलं.

"तिकडे वळणावर. दिसू नकोस."

हे कल्याणातलं सांगते आहे. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. जुन्या गावातली ती आळी, तिचं नाव घेत नाही. माझ्याआधी माझी सासू ती झाडायची. तिची कंबर गेली आणि झाडू माझ्या हातात आला. मी बदलीवर होते. कायम व्हायचं तर मुकादमाने शब्द टाकायला हवा होता, आणि मुकादम शब्द टाकायचा तो आळीतल्या अण्णासाहेबांचं तोंड बघून. धनी रेल्वेच्या यार्डात कोळसा उचलायचे, तेही रोजावर. घरात एक पोर, चार वर्षांची. मी कायम होणं म्हणजे तिच्या पोटाची सोय होणं. म्हणून मी "बरं" म्हणाले.

पहाटे आळी झाडली. मग आंब्याखालची सुकलेली पानं टोपलीत भरून आणली, सुताराकडचा भुसा आणला, पताकांच्या उरलेल्या कागदाचे तुकडे केले. आणि माझ्या हाताने, आत्ताच झाडलेल्या फरशीवर, मूठमूठ पसरलं. रांगोळी घालावी तसं. मुकादम मागून सांगत होता, "इथे अजून थोडं. फोटोत दिसायला पाहिजे." मला हसूही येत होतं आणि अंगाची आगही होत होती. जन्मात पहिल्यांदा मी कचरा करत होते, आणि तोही हुकमाने.

मंडळी आली. कडक इस्त्रीचे कपडे, डोक्यावर टोप्या. नवे कोरे खराटे, त्यांना झेंड्याच्या रंगाच्या फिती बांधलेल्या. बायकांनी खराट्यांना हळदकुंकूसुद्धा लावलं. कॅमेरावाल्याने काळ्या फडक्यात डोकं घातलं. अण्णासाहेबांनी खराटा धरला तो उलट्या हाताने, लेखणी धरावी तसा. चार पानं हलली. फोटो निघाला. टाळ्या झाल्या.

कॅमेरावाला साधा माणूस होता. त्याने मला वळणावर उभी असलेली पाहिलं. म्हणाला, "त्या बाईंनाही घ्या की मध्ये. रोज झाडतात त्या."

अण्णासाहेब हसले. म्हणाले, "अहो, हा फोटो दिवाणखान्यात लागायचाय."

सगळे हसले. मोठ्याने नाही, सभ्य माणसं हसतात तसं. मी टोपली पोटाशी धरून उभी राहिले. जावं तर काम अर्धं, राहावं तर तोंड कुठे लपवावं ते कळेना. झेंडा वर फडकत होता. तो सगळ्यांचा, असं त्यांनीच मघाशी भाषणात सांगितलं होतं.

मग शिरा आला. द्रोणांत भरून, वर केळ्याची चकती. अण्णासाहेब स्वच्छतेवर बोलत होते. लोक शिरा खात ऐकत होते. आणि खाऊन झालं की द्रोण तिथेच, पायाशी, फरशीवर टाकत होते. खराटे अण्णासाहेबांच्या ओट्याला टेकून ठेवलेले. द्रोण टाकताना कुणी खाली बघतसुद्धा नव्हतं.

त्या आळीत एक रीत होती. सणावाराला, लग्नामुंजीला पंगती उठल्या की झाडूवालीने ओट्याखाली उभं राहून पदर धरायचा. वरून उरलंसुरलं टाकायचे, हात लांब ठेवून. मी एकदा घरून पातेली नेली होती. तर माईसाहेब, म्हणजे अण्णासाहेबांची बायको, म्हणाल्या, "भांडं कशाला आणलंस? तुझ्या सासूला पदर पुरायचा." तेव्हापासून मीही पदर धरत आले. तुपाचे डाग पडायचे. धुऊन जायचे नाहीत. वस्तीत कुणाच्या आळीत लग्न झालं, ते आमच्या पदरांवरून कळायचं.

मंडळी पांगली. माईसाहेब ओट्यावर आल्या. हातात परात, तळाला उरलेला शिरा.

"अगं ए, पदर धर. आणि हे द्रोण उचल सगळे."

त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं. आळीत कुणालाच नव्हतं. मी पुढे झाले. खरं सांगते, पदर हातात घेतलासुद्धा होता. पोर घरी वाट बघत होती. सकाळीच तिला म्हणाले होते, आज गोड आणते.

माईसाहेबांनी परात वाकडी केली आणि मायेने म्हणाल्या, "पुढल्या वेळी पोरीला आणत जा गं बरोबर. आत्तापासून सवय लागेल तिला."

मायेनेच म्हणाल्या. शिवी दिली असती तर मी गिळली असती. शिव्या गिळायची मला सवय होती. पण त्या मायेत मला माझी पोर दिसली. त्या ओट्याखाली, मान वर करून, इवलासा पदर पसरून. त्यांनी तिची जागा ठरवून टाकली होती, तिला न बघताच.

मी पदर सोडला.

शिरा फरशीवर पडला. थप्प आवाज झाला.

"अगं, लक्ष कुठे आहे तुझं? सांडलं ना सगळं! उचल ते."

"मी न्हाई उचलायची," मी म्हणाले. "मी न्हाई सांडलं. तुमी टाकलंय, तुमी उचला. नवं खराटं हायेतच की."

मी टोपली उचलली आणि निघाले.

घरी पोर दारातच. "आणलंस?" तिने विचारलं. मी नाही म्हणाले. ती रडली नाही, नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली. ते मला फार लागलं. सासू म्हणाली, "माजलीस व्हय गं? माझी हयात गेली त्या वट्याखाली." मी म्हणाले, "म्हनूनच, आत्या." त्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवलीही नाही.

दुसऱ्या सकाळी मुकादम आडवा आला. "जा, माईसाहेबांच्या पाया पड. नाहीतर कायम व्हायचं विसर."

मी पाया पडले नाही. काम मात्र सोडलं नाही. आळी झाडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फक्त अण्णासाहेबांच्या ओट्यापुढचा तुकडा सोडला. शिरा कुत्र्यांनी चाटून नेला होता. द्रोण होते, केळ्याच्या काळ्या पडलेल्या चकत्या होत्या, माशा होत्या. मुकादमाने शेजारची आळी झाडणाऱ्या शेवंताला सांगितलं. ती म्हणाली, "ज्याचा त्यानं काढावा." मुकादम स्वतः हात लावणार नव्हता. त्याचीही जात वरची. मी रोज येत होते, रोज तेवढं सोडून झाडत होते. माणसं नाकाला धोतराचा सोगा लावून जायची.

आणि मग एका पहाटे मी वळणावर आले तर माईसाहेब खाली उतरलेल्या. पदर खोचलेला, हातात तो फितीवाला खराटा. इकडेतिकडे बघत, घाईघाईने द्रोण लोटत होत्या. मला पाहिलं आणि थांबल्या. मी तोंड फिरवलं नाही. त्यांनीच मान खाली घातली आणि उरलेलं लोटलं. वाकता येत होतं त्यांना. चांगलं येत होतं.

ढीग झाल्यावर तो मी टोपलीत भरला. ढीग उचलणं माझं काम, ते मी केलं.

त्याच आठवड्यात मला त्या आळीतून काढून खाडीकडच्या मटण बाजारात टाकलं. आतडी, रक्त, कावळे. कायम व्हायला वर्षं लागली. त्या वर्षांत उपास काढले, आणि एकदाही वाटलं नाही की पदर धरला असता तर बरं झालं असतं.

माझी पोर कुठल्या ओट्याखाली उभी राहिली नाही. तिची पोरंही राहणार नाहीत. तुमचा रस्ता मी झाडते, त्याचा पगार घेते. पण हातातलं पायाशी टाकून कुणी माझ्याकडे बघितलं, की मी झाडू भिंतीला टेकवते आणि उभी राहते. तो वाकेपर्यंत उभी राहते. मला घाई नाही.